इनॉक्सिडेबल घराण्याचा इतिहास

रकानेसाहेबांचं आडनाव रकाने नव्हतं. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं ते लोकांचे अर्ज तपासत आणि एक जरी रकाना रिकामा दिसला तरी अर्ज परत करत, म्हणून कोणीतरी वैतागून त्यांना रकानेसाहेब म्हणायला लागलं. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटलं. त्या नावाने पत्रं यायला लागली आणि निवृत्तीच्या दिवशी जे मानपत्र मिळालं, त्यावरही तेच छापलं होतं. साहेबांनी मानपत्र नावाच्या दुरुस्तीसाठी त्याच दिवशी परत केलं. ते अजून दुरुस्तच होतंय.

तर या रकानेसाहेबांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चोरी झाली. चोरांनी टीव्हीला हात लावला नाही, कपाट उघडलं नाही. नेलं काय, तर प्रेशर कुकर आणि एक छत्री. इमारतीत यावर तीन दिवस खल झाला. समोरच्या घरात राहणारे केमिस्ट म्हणाले, "जो माणूस कुकर सोडत नाही, तो उद्या काय सोडेल?" केमिस्टचं खाली औषधांचं दुकान होतं, त्यामुळे ते काहीही म्हणाले तरी ते दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर घ्यायचं आहे असं वाटायचं.

"अहो," रकानेसाहेबांच्या बायकोने त्या रात्रीच्या जेवणावरच विषय काढला, "बाबांचं घड्याळ!"

आता या घड्याळाबद्दल थोडं सांगायला हवं. ते सोन्याचं मनगटी घड्याळ पस्तीस वर्षांपूर्वी लग्नात सासऱ्यांनी जावयाला दिलं होतं. तेव्हाही ते जुनंच होतं. सासऱ्यांनी एका जुन्या घड्याळांच्या दुकानातून ते पारखून घेतलं होतं. तबकडीवरचं बनवणाऱ्याचं नाव पार उडालेलं होतं. पण सोनं म्हणजे सोनं. घड्याळ रकानेसाहेबांच्या मनगटावर असलं, तरी घरात ते 'बाबांचं घड्याळ' म्हणूनच ओळखलं जायचं, आणि साहेबांना ही गोष्ट पस्तीस वर्षं मनातल्या मनात टोचत आलेली होती.

सासरे हेडमास्तर. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, पण हेडमास्तर तो हेडमास्तर. लग्नानंतर रकानेसाहेबांनी त्यांना पहिलं पत्र लिहिलं, ते आठ दिवसांनी परत आलं. लाल शाईने सात चुका दाखवल्या होत्या आणि खाली 'अक्षर बरे' असा शेरा होता. पुढे फोन आले तेव्हा साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर हेडमास्तर फोनवरही "'मी आलो असतो' नव्हे, 'मी आलो होतो'" असं सांगायला लागले. कधी भेटायला आले की पहिली नजर मनगटावर. "सोनं आहे ते, जावईबापू. जपून. काढून इकडेतिकडे ठेवू नका. आणि हा शर्ट असा का खोचलाय?" रकानेसाहेब कचेरीत कितीही मोठे असले तरी या माणसापुढे त्यांची पाटी कोरीच असायची. एकदा तरी, फक्त एकदा, सासऱ्यांनी आपल्याला 'शाब्बास' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तशी ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण अशी इच्छा लिहायला कुठल्याच अर्जात जागा नसते.

घड्याळाचा विमा उतरवायचा ठरला. साहेब विमा कंपनीत गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्यांच्या हातात चार पानी फॉर्म दिला.

"हा मुळात जुन्या चित्रांचा आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळांचा संपलाय. पण चालतं. मौल्यवान वस्तू ती मौल्यवान वस्तू."

रकाना अकरा: निर्मात्याचे पूर्ण नाव (स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव). रकाना बारा: निर्मात्याचा थोडक्यात इतिहास.

"हे नाही लिहिलं तर?"

"लोक रिकामं सोडतात," बाई म्हणाल्या.

बाईंनी हे सहज म्हटलं. समोर कोण उभं आहे याची त्यांना कल्पना नव्हती. रकानेसाहेबांना भर दुपारी घाम फुटला. ज्या माणसाने चौतीस वर्षं एका रकान्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिने चढायला लावले, तो स्वतः दोन रकाने मोकळे सोडून सही करणार? त्यांनी फॉर्मची व्यवस्थित घडी घातली आणि ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले.

हा कारागीर एका जिन्याखाली काचेच्या पेटीमागे बसायचा. त्याच्या डोळ्याला कायम भिंग लावलेलं असायचं आणि तो सहसा बोलत नसे. साहेब म्हणाले, "यावर कुठे नाव असलं तर वाचून सांगा." त्याने घड्याळ उलटं केलं, मागच्या बाजूची काजळी ब्रशने साफ केली, आणि कडेला गोल फिरणारी केसासारखी बारीक अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. साहेबांनी ती वहीत उतरवून घेतली, परत वाचून खात्री केली, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. शब्द तीन होते.

फॉन्ड ॲसियर इनॉक्सिडेबल.

स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव! साहेबांना आयुष्यात इतका सरळ अर्जदार भेटला नव्हता. फॉन्ड हे त्याचं नाव, ॲसियर वडिलांचं, आणि घराणं इनॉक्सिडेबल. "काय माणूस असेल हो!" ते कारागिराला म्हणाले. कारागीर "हं" म्हणाला आणि पुढच्या घड्याळाकडे वळला.

अकरावा रकाना भरला. राहिला इतिहास. त्यासाठी साहेब समोरच्या घरी गेले, कारण केमिस्टकडे मोठा मोबाइल होता आणि तो वापरण्याची हौस त्याहून मोठी होती. केमिस्टनी आडनाव टाकलं आणि ते एकदम खुर्चीत ताठ बसले.

"साहेब, हे घराणं लहानसहान नाही. हे बघा. चमचे, इनॉक्सिडेबल. पातेली, इनॉक्सिडेबल. दवाखान्यातल्या कात्र्या, जहाजांचे कठडे, हात धुवायची बेसिनं... सगळीकडे हेच!"

"घड्याळवाले होते ना पण?"

"पुढच्या पिढीने धंदा वाढवला असणार. घड्याळात काय पैसा आहे? आता वडिलांचं बघू. ॲसियर." केमिस्टनी पुन्हा बोटं चालवली. "अरे बाप रे. कारखाने! भट्ट्या! वडील पोलादातले बडे असामी दिसतात."

आणि तिथे, केमिस्टच्या सोफ्यावर, चहा गार होत असताना, रकानेसाहेबांना इतिहास दिसला. बाप पोलादाचा राजा. मुलगा हळवा, इंग्रजीत फॉन्ड म्हणजे प्रेमळ, हे केमिस्टनी सांगितलं आणि ते जुळलंच. भट्टीच्या धगीत त्याचा जीव रमेना. एक दिवस तो बापाला म्हणाला, मला पोलाद नको. बाप म्हणाला, मग चालता हो. मुलगा घर सोडून गेला आणि एका लहानशा खोलीत सोन्याची घड्याळं करत बसला. तो गेल्यावर त्याच्या पुतण्यांनी आजोबांचा धंदा पुन्हा धरला आणि भांड्यांत उडी घेतली. "चढ-उतार कोणाला चुकलेत?" केमिस्ट म्हणाले. साहेबांनी मान डोलावली आणि गार चहा एका घोटात संपवला.

रकान्यात दोन ओळींची जागा होती. साहेबांनी चौदा पानं लिहिली. रोज पहाटे उठून लिहीत. बायकोने विचारलं, "एवढं काय लिहिताय?" तर म्हणाले, "बापाने बोलणं टाकलंय, आता मुलाचे हाल सुरू होतायत." बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

विमा कंपनीच्या बाईंनी चौदा पानं चाळली नाहीत, हातात तोलली. मग म्हणाल्या, "वस्तूवर परदेशी भाषेतला मजकूर असेल तर अधिकृत अनुवादकाचा दाखला जोडावा लागतो."

"पण ते नाव आहे. नावाचा काय अनुवाद करायचा?"

"मग दाखल्यात तसं लिहून आणा. 'हे नाव आहे.' शिक्क्यासह."

नियम पटण्यासारखा होता. किंबहुना असा नियम आपल्या कचेरीत का नव्हता, याचं साहेबांना वाईटच वाटलं. त्यांनी घड्याळाच्या पाठीचा फोटो अनुवादक बाईंकडे दिला. शनिवारी दुपारी चारला या, असं त्यांनी सांगितलं.

इकडे केमिस्टनी औषधं बांधता बांधता घराण्याची गोष्ट गावभर केली होती. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस रक्तदाबाची गोळी घ्यायला आले आणि इतिहास घेऊन गेले. त्यांची अडचण अशी होती, की शनिवारी साडेपाचला गुडघेदुखीवर डॉक्टरांचं भाषण ठेवलं होतं आणि डॉक्टर नेमके गुडघ्यामुळे येऊ शकत नव्हते. "साहेब, तुम्हीच उभे राहा," ते म्हणाले. "आणि ज्यांनी घड्याळ दिलं, ते तुमचे सासरे, त्यांना आपण प्रमुख पाहुणे करू."

रकानेसाहेबांचं मंडळात पाच वर्षांत कोणी नाव काढलं नव्हतं. खुर्च्या मोजायला सांगायचे, तेवढंच. आता फळ्यावर खडूने त्यांचं नाव लागलं. चुकीचंच, रकाने म्हणून, पण मोठ्या अक्षरात. सासऱ्यांना बोलावणं गेलं. त्यांनी निमंत्रणपत्रिकेतल्या दोन चुका फोनवर सांगितल्या आणि येतो म्हणाले. साहेबांना वाटलं, शाब्बासकी आता फार लांब नाही.

शनिवारी चारला ते अनुवादक बाईंकडे गेले. बाई घरातच परदेशी भाषांच्या शिकवण्या घेत. त्यांनी शिक्का मारलेला कागद पुढे केला. साहेबांनी आधी शिक्का तपासला, मग तारीख, मग सही. सगळं ठीक होतं. मग मजकूर वाचला.

'सदर मजकूर फ्रेंच भाषेत असून त्याचा अर्थ: मागील बाजू न गंजणाऱ्या पोलादाची.'

"बाई, हा कागद दुसऱ्या कोणाचा तरी दिलात."

"तुमचाच आहे. फाँ म्हणजे तळ, मागची बाजू. आसिए म्हणजे पोलाद. इनॉक्सिदाब्ल म्हणजे न गंजणारं. स्टेनलेस स्टील हो."

"ते वडिलांचं नाव..."

"नाव नाहीये ते."

"निदान आडनाव तरी?"

बाईंना त्यांची दया आली. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात एकजण डब्यावरचं 'थंड जागी ठेवा' घेऊन आले होते. तीन वर्षं ते त्याला कंपनीचं नाव समजत होते."

साहेब तिथून तडक जिन्याखाली गेले. कारागिराने भिंग न काढता ऐकून घेतलं. "पुढून सोनंच आहे," तो म्हणाला. "पाठ पोलादाची. जुन्या घड्याळांत करायचे असं, स्वस्त पडायचं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही अक्षरं वाचा म्हणालात. मी वाचली."

हॉलकडे चालता चालता रकानेसाहेबांना आधी लाज वाटली, चौदा पानांची. मग हळूहळू लाजेचा राग झाला. पोलाद! पस्तीस वर्षं 'सोनं आहे ते, जपून' ऐकलं. पस्तीस वर्षं या माणसाने शर्ट, अक्षर, क्रियापदं, सगळं सगळं काढलं, आणि आपण खालमानेने ऐकून घेतलं, का, तर मनगटावर यांचं सोनं! आज सगळ्यांसमोर दाखला वाचायचा. शिक्क्यासकट. लाल शाई काय फक्त त्यांच्याकडेच असते? साहेबांनी चौदा पानं डाव्या खिशात घातली आणि दाखला उजव्या.

हॉल भरला होता, म्हणजे चाळीस माणसं होती आणि त्यातली तीसेक जागी होती. पहिल्या रांगेत सासरे, बाह्यांना इस्त्री मोडलेला पण स्वच्छ कोट घालून. शेजारी बायको, आज कौतुक होणार म्हणून फुललेली. प्रमुख पाहुणे म्हणून सासरे आधी बोलले. "हे घड्याळ मी दिलं. शंभर नंबरी सोनं. लग्न एकदाच होतं, म्हटलं हात आखडायचा नाही." टाळ्या झाल्या. साहेबांची कानशिलं तापली. त्यांची पाळी आली. ते उठले, घड्याळ काढून सगळ्यांना दिसेल असं उलटं धरलं आणि उजव्या खिशात हात घातला.

"मित्रहो, या घड्याळाच्या पाठीवर तीन शब्द आहेत. ते काय आहेत, हे मला आजच नीट कळलं."

आणि त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. सासऱ्यांनी मान खाली घातली होती. खुर्चीचा हात घट्ट धरला होता, इतका की बोटं पांढरी पडली होती. शहाऐंशी वर्षांचा माणूस, ज्याच्या आवाजाने अख्खी शाळा गप्प बसायची, तो आपल्या बुटांकडे बघत होता. असा चेहरा साहेबांनी रोज बघितला होता. आपण अर्जाचं दुसरं पान उलटलं की खिडकीपलीकडचा माणूस असाच व्हायचा.

राग कुठे गेला, त्यांना कळलं नाही. इतक्या वर्षांचा साठवलेला, दाबून ठेवलेला राग, पण शोधूनही सापडेना. उजव्या खिशातला हात रिकामाच बाहेर आला आणि डाव्या खिशात गेला.

"ते एका माणसाचं पूर्ण नाव आहे," रकानेसाहेब म्हणाले. "फॉन्ड ॲसियर इनॉक्सिडेबल."

कागदाचा आधार असल्याशिवाय ज्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, तो माणूस शिक्क्याचा दाखला खिशात असताना पाऊण तास धडधडीत खोटं बोलला. आणि काय बोलला! मुलगा बापाचं घर सोडून निघतो तिथे चिटणीसांनी रुमाल काढला. बर्फात खोलीचं भाडं थकतं तिथे मागच्या रांगेतले दोघं जागे झाले. केमिस्ट तर 'हे मी शोधलंय' अशा नजरेने चारी बाजूंना बघत होते. भांड्यांच्या धंद्यापर्यंत येऊन भाषण संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. आपल्या स्वयंपाकघरात या घराण्याचे चमचे आहेत हे कळून काही बायका हळव्या झाल्या होत्या.

खुर्च्या आवरायला लागल्यावर सासऱ्यांनी त्यांना बाजूला बोलावलं.

"जावईबापू, एक विचारतो. हे खरं आहे?"

"अगदी."

"नाव आहे ते? नक्की?"

"नक्की."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "तो दुकानदार मला म्हणाला होता, मास्तर, पुढून सोनं आहे, मागून पोलाद. म्हणूनच तुमच्या पगारात बसतंय. मी घेतलं. घरी अख्खं सोन्याचं म्हणून सांगितलं. मुलीलासुद्धा." त्यांचा आवाज चिरकला. "पस्तीस वर्षं, जावईबापू. तुम्ही मनगटाला हात लावलात की मला वाटायचं, आता हे उलटं करून बघणार, आता वाचणार. मग मी काहीतरी काढायचो. तुमचा शर्ट, तुमचं बोलणं, काहीही. तुमचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. तुमचं बोलणं कधीच चुकीचं नव्हतं हो. अक्षर तर उत्तम."

रकानेसाहेबांनी उजव्या खिशातला दाखला आणखी आत ढकलला.

"आणि आज बघा," सासरे म्हणाले, "तो दुकानदारच अडाणी निघाला! एवढं मोठं घराणं, आणि त्याला वाटलं पोलाद! शाब्बास, जावईबापू. शाब्बास! माझ्या छातीवरचा धोंडा उतरवलात तुम्ही."

ते खरोखरच हलके दिसत होते. एरवी काठी टेकत चालणारा माणूस काठी खुर्चीपाशीच विसरून दारापर्यंत गेला. साहेब काठी घेऊन मागोमाग गेले. दारात सासरे थांबले.

"त्या इनॉक्सिडेबलला मुलंबाळं होती का हो?"

चौदा पानांत याचा उल्लेख नव्हता.

"एक मुलगी," रकानेसाहेब म्हणाले. "तिच्या लग्नात त्याने जावयाला स्वतःच्या हाताने केलेलं घड्याळ दिलं."

"सोन्याचं?"

"पुढून सोन्याचं," साहेब म्हणाले, "आणि मागूनही."